पंपाच्या वहीतली घट
पानेवाडीचे नाव बातम्यांत येते ते काही आक्रीत घडले की. २०११च्या जानेवारीत इंधनातली भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इथे जिवंत जाळण्यात आले. २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी चाके थांबवली आणि पंपापंपावर रांगा लागल्या. एरवी मनमाडजवळच्या या गावातून इंधनाचे टँकर निघतात, आडरस्त्याच्या पंपावर रिकामे होतात आणि पुढचा हिशेब जमिनीखाली जातो.

तो हिशेब डिपवर चालतो. सकाळी झाकण उघडून मापाचा गज टाकीच्या तळापर्यंत सोडायचा, ओल कुठवर चढली ते वाचायचे आणि तक्त्यावरून सेंटिमीटरचे लिटर करायचे. काल किती होते, मीटरवर किती विकले, आज किती असायला हवे? गजाच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला तर तळाशी पाणी आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे पावसाळ्यात ही तपासणी चुकवून चालत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासह तळाला बसते.

पण आकडा जुळतो कधी? पेट्रोल तापले की फुगते, निवले की आकसते. उन्हातून आलेले १२ हजार लिटर पेट्रोल टाकीत दहा अंशांनी गार झाले, तर शंभरावर लिटर कमी भरते. त्यात थोडे वाफ होऊन उडते. म्हणून वहीत घट असायचीच आणि मालकालाही तिची सवय होते. गंजलेल्या जोडातून रोज पाच-दहा लिटर पाझरत असले, तर तेही याच रकान्यात खपून जाते. बऱ्याच टाक्यांत आता स्वयंचलित मापक बसले आहेत, तरी घटीमागचे कारण शोधायचे काम माणसाचेच.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. इथे पाणी भेगांतून आणि मुरमातून वाहते, पाझरलेले इंधनही त्याच वाटा धरते. डिझेल पाण्यावर तरंगते; पेट्रोलमधले बेंझीन पाण्यात थोडेफार विरघळते आणि ते कर्करोगाला कारण ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सूचनांनुसार नवा पंप शाळा, दवाखाना, वस्ती यांपासून ५० मीटरवर हवा. काही झाले तरी ३० मीटरच्या आत नको. वाफ पकडणाऱ्या यंत्रणेचा भर मात्र शहरांतल्या मोठ्या खपाच्या पंपांवर आहे. हवेपुरते ते बरोबरच. पण जिथे गाव विहिरीचे पाणी पिते, तिथे दुहेरी भिंतीची टाकी आधी हवी.

पंपाबाहेरचा साठा आणखी बेवारशी. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते, फक्त एकेक भांडे १,००० लिटरहून मोठे नको. पेट्रोलला ही मुभा ३० लिटरचीच आणि तीही विक्रीसाठी नाही. म्हणजे टपरीवर टांगलेली एक लिटरची बाटलीही बेकायदा. हे टपरीवाल्याला ठाऊक असते, गिऱ्हाइकालाही. पण पंप लांब असला आणि गाडी वाटेत बंद पडली की कायदा कोण काढतो!

डिझेलसाठी एक वाट निघाली आहे. इंडियन ऑइलने २०१८ मध्ये पुण्यात घरपोच डिझेल सुरू केले. अशा फिरत्या टाक्यांवर नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची देखरेख असते. बांधावर हार्वेस्टर किंवा जेसीबीत थेट डिझेल भरले, तर गोठ्यातला पिंप आणि नळी तोंडाने ओढून डिझेल काढायचा उद्योग दोन्ही टळतात. ज्यांना पिंप ठेवावाच लागतो, त्यांनी निदान तो विहीर-बोअरपासून दूर, काठ असलेल्या पक्क्या फरशीवर ठेवावा. त्या काठाआड अख्ख्या पिंपातले डिझेल मावायला हवे.