खो मिळाल्यावर पहिले तीस मीटर

वर्धा जिल्ह्यात पहाटे पाचला कोणत्याही रस्त्याला लागा, पवनारच्या, आर्वीच्या, नाहीतर हिंगणघाटच्या; कडेनं पोट्टे धावताना दिसतील. उन्हाळ्यात ते आणखी लवकर निघतात, कारण सात वाजले की ऊन अंगावर येतं. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या खांद्यावर बूट, तिसरा अनवाणीच. भरतीची तयारी चाललेली असते. यांतले बरेच जण शाळेत नाहीतर कॉलेजात खो-खो किंवा कबड्डी खेळलेले. गल्लीत, मैदानावर, वर्गात सगळ्यांत चपळ म्हणून नाव असलेले. आणि तरीही भरतीच्या मैदानावर शंभर मीटरला यांच्यातलाच एखादा तोंड पाडून परत येतो. ‘गावात अकरा चाळीस निघत होता सर, तिथं कसा काय बारा झाला?’

या ‘कसा काय’चं उत्तर दोन ठिकाणी सापडतं. काही घड्याळात, काही पायांत. आधी घड्याळाचं पाहू, ते सोपं आहे.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. शंभर मीटरला १५ गुण. मुलानं ११.५० सेकंदांत किंवा त्याच्या आत संपवलं तर पंधराच्या पंधरा. तिथून पुढे एकेका सेकंदाच्या पायऱ्यांनी गुण उतरत जातात. १२.४९ आणि १२.५१ यांतला फरक शेजारी उभ्या माणसालाही दिसणार नाही, पण पायरी बदलते. मैदानीत निम्मे गुण तर हवेतच, शिवाय लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात. त्यामुळे दोन-तीन गुणांवर एखाद्याचं वर्ष जातं.

आता गावातलं अकरा चाळीस कसं निघतं ते बघा. पहिला प्रश्न अंतराचा. शंभर मीटर मोजायला टेप कुणाकडे असतो? मोटरसायकलच्या मीटरचा शेवटचा आकडा पालटला की शंभर मीटर झाले, असा सरळ हिशोब. पण तो आकडा नेमका कधी पालटला, गाडी तेव्हा रेघेच्या मागे होती की पुढे, याला काही धरबंध नाही. काही जण पावलांनी मोजतात. अंतर दोन मीटरनं कमी भरलं तरी पोरगा शेवटाला सेकंदाला नऊ मीटर पळत असतो, म्हणजे ०.२२ सेकंद फुकट मिळाले. तीस मीटरचा टेप तीनदा लावून वर दहा मीटर घेतले, टेप ताणून जमिनीला टेकवला आणि दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारली, तर हा घोळ संपतो. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रश्न आवाजाचा, आणि तो बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. सुरुवातीच्या रेघेवरचा मित्र ‘गो!’ म्हणून ओरडतो. शेवटाच्या रेघेवरचा मित्र तो आवाज ऐकून स्टॉपवॉच दाबतो. आवाजाला शंभर मीटर यायला साधारण ०.२९ सेकंद लागतात. (मे महिन्याच्या उन्हात हवा तापलेली असली तर ०.२८, वर्ध्याच्या उन्हाळ्याचा एवढाच काय तो फायदा.) त्यावर ऐकून बोट दाबायला आणखी ०.२ सेकंद. म्हणजे घड्याळ सुरू होईपर्यंत शर्यतीचा जवळजवळ अर्धा सेकंद उलटून गेलेला असतो. शेवटाला मात्र उलट होतं. मित्र पोरगा येताना बघतच असतो, त्यामुळे छाती रेघेवर यायच्या ठोक्यालाच तो बटण दाबतो. सुरुवातीला उशीर, शेवटाला वेळेवर. अर्धा सेकंद गेला कुठे? पोट्ट्याच्या नावावर जमा झाला.

म्हणून जुने पंच पिस्तुलाचा आवाज ऐकून कधीच घड्याळ सुरू करत नसत. धूर दिसला की बटण. तरीसुद्धा हातघड्याळाची वेळ विजेच्या घड्याळापेक्षा कमीच भरते. शंभर मीटरच्या हातघड्याळाच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून मग विजेच्या वेळेशी तुलना करायची, असा ॲथलेटिक्समधला रिवाजच आहे. तोही शिकलेल्या पंचाच्या हाताचा. आपल्या मित्राच्या अंगठ्याला ०.२४ पुरत नाहीत.

ही अडचण एकट्या वर्ध्याची नाही. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघांत (त्यांचा फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा, धक्काबुक्कीचा) पोरं निवडताना चाळीस यार्डांची धाव बघतात, म्हणजे ३६.५८ मीटर. त्यात पिस्तूल नसतं. पोरगा हलला की घड्याळ सुरू. इशारा ऐकून उठायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नसतो, आणि घड्याळ हातातलं असेल तर पुढचं विचारूच नका. म्हणून तिथले निवड करणारे लोक विचारतात, ‘हा ट्रॅकवर धावतो का? शंभर मीटरची विजेच्या घड्याळाची वेळ किती?’ तो आकडा खोटा पडत नाही. बॉब हेज नावाचा धावपटू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकला आणि नंतर व्यावसायिक फुटबॉलमध्येही सर्वोच्च विजेतेपदाच्या संघात होता. त्याच्या उलट डीके मेटकाफचं उदाहरण. शंभर किलोहून जास्त वजनाचा हा फुटबॉलपटू चाळीस यार्ड ४.३३ सेकंदांत पळाला होता. २०२१ च्या मे महिन्यात तो शंभर मीटरच्या खऱ्या धावपटूंमध्ये उतरला, १०.३६ सेकंद पळाला आणि आपल्या शर्यतीत शेवटचा आला. १०.३६ ही साधी वेळ नव्हे. आपल्याकडे त्या वेळेला राष्ट्रीय स्पर्धेत पदकाची आशा धरता येते. पण सुरुवातीला इतरांच्या बरोबरीनं निघालेला तो माणूस पुढे मागे पडत गेला.

आमचा खो-खोवालाही नेमका तसाच मागे पडतो.

शंभर मीटर ही एक धाव दिसत असली तरी आतून ती तीन धावा आहेत: वेग घेणं, वेग गाठणं, वेग टिकवणं. उसैन बोल्टच्या २००९ च्या बर्लिनमधल्या ९.५८ च्या विक्रमाचे वीस-वीस मीटरचे तुकडे पाडलेले आहेत. पहिले वीस मीटर २.८९ सेकंद, त्यात पिस्तूल ऐकून हलेपर्यंतचे ०.१४६ आलेच. पुढचे वीस १.७५, मग १.६७, मग १.६१, आणि शेवटचे वीस १.६६. म्हणजे जगातला सर्वांत वेगवान माणूसही शेवटाला मंदावतो. बाकीचे जास्त मंदावतात, म्हणून तो सुटून निघाल्यासारखा दिसतो.

आता खो-खोचं मैदान आठवा. दोन खांबांमधलं अंतर सुमारे चोवीस मीटर. मधल्या पट्टीत आठ जण चौकोनांत बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ पडला की उठायचं, दिशा घ्यायची. एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. बसलेल्या गड्याकडे जवळून बघा: टाचा उचललेल्या, वजन चवड्यांवर, एक पाय पुढे, हात जमिनीजवळ. मुरमावर पाय रेटायला ब्लॉक नसताना शंभर मीटरला जशी बैठक घ्यायला शिकवतात, तीच जवळपास. फरक एवढाच की शर्यतीत पोरगा असा एकदाच उठतो आणि हा एका डावात कितीतरी वेळा. त्यामुळे पहिल्या चार-पाच पावलांत याला कुणी धरत नाही. छाती खाली, नडगी पुढे झुकलेली, पाय मागे रेटणारा.

पण पंधरा मीटर गेले की त्यानं दुसऱ्याला खो दिलेला असतो, किंवा समोर खांब आलेला असतो. कबड्डीत तर त्याहून कमी: पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, म्हणजे चढाईवाल्याला समोर साडेसहा मीटर, आणि सारं कौशल्य थांबण्यात आणि माघारी वळण्यात. अशा मुलांचा पूर्ण वेग चाळीस-पन्नास मीटरच्या आसपास येतो. दहा वर्षं खो-खो खेळलेला पोरगा त्या वेगापर्यंत खेळात कधी पोचलेलाच नसतो! त्याच्या पायांना ते गावच माहीत नाही.

नमुन्यादाखल दोघं डोळ्यासमोर आणा. एक देवळीकडचा खो-खोवाला, दुसरा कॉलेजात धावण्याच्या शर्यतींत उतरणारा. अंतर टेपनं मोजलेलं, घड्याळ खरं. खो-खोवाल्याचे पहिले तीस मीटर ४.३५ सेकंद, पुढचे तीस ३.२५, शेवटचे चाळीस ४.५२, बेरीज १२.१२. धावपटूचे ४.५०, ३.१८ आणि ४.२२, बेरीज ११.९०. तीस मीटरला खो-खोवाला मीटरभराहून जास्त पुढे. साठलाही थोडा पुढेच. शेवटच्या चाळीसांत त्यानं ०.३० सेकंद घालवले. लोक म्हणतात, ‘दम कमी पडला.’ दम कुठला, बारा सेकंदांच्या धावेत! दमाचा प्रश्न १६०० ला येतो. तिथे पूर्ण गुणांची वेळ ५ मिनिटं १० सेकंद आहे, म्हणजे सेकंदाला ५.१६ मीटर. शंभरला ११.५० म्हणजे सेकंदाला ८.७. एकाच पायांकडून मागितलेली ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रोज पाच किलोमीटर पळून दुसरं काम सुधारत नाही.

मग शेवटाला कमी काय पडतं? पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक गंमत दाखवून दिली. पूर्ण वेगात असताना पाय हवेतून पुढे आणायला लागणारा वेळ वेगवान आणि मंद माणसात जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो जमिनीवर. वेगवान माणूस थोड्या वेळात जमिनीला जास्त जोरानं हाणतो. पहिल्या पावलाला पाऊल जमिनीवर सुमारे ०.२ सेकंद टेकतं. पूर्ण वेगात तोच वेळ ०.१ च्या आसपास येतो. निम्म्या वेळात सारा भार पेलून परत उडवायचा. खो-खोवाल्याचा पाय पहिलं काम शिकलेला, म्हणून पुढेही तो तेच करत राहतो: वाकूनच पळतो, मागे रेटत राहतो, आणि वेग कमी होतोय असं वाटलं की पाऊल लांब टाकतो. लांब टाकलेलं पाऊल अंगाच्या पुढे पडतं आणि ब्रेक लावतं. जितका जीव तोडून पळावं तितका वेळ वाढतो. हे प्रेक्षकांतून बघताना फार वाईट वाटतं.

उपाय अवघड नाही, पण त्याला धीर लागतो. वीस-पंचवीस मीटर हळूहळू वेग घेत यायचं, मग रेघ लागल्यावर पुढचे वीस मीटर पूर्ण वेगात, अंग सरळ, गुडघा वर, पाऊल अंगाखाली. मग सोडून द्यायचं. अशा चार-पाच धावा, आठवड्यातून दोनदा. दोन धावांमध्ये पूर्ण विश्रांती. पूर्ण वेगाच्या दर दहा मीटरला एक मिनिट असा प्रशिक्षकांचा ढोबळ हिशोब. ही विश्रांतीच आमच्या पोट्ट्यांना पटत नाही. बसून राहिलं की त्यांना आळस केल्यासारखं वाटतं. शिवाय मांडीच्या मागचा स्नायू सांभाळायला हवा: पूर्ण वेगात पाय पुढे येऊन खाली उतरायच्या क्षणी त्याच्यावर सर्वांत जास्त ताण येतो, आणि आयुष्यभर पंधरा मीटरच पळालेला स्नायू पहिल्याच आठवड्यात फाटू शकतो. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ऐंशी टक्केच.

देशी खेळ आणि शंभर मीटर यांची गाठ पूर्वीही पडलेली आहे. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला होता. त्याच बर्लिनला त्या वर्षी जेसी ओवेन्स शंभर मीटर १०.३ सेकंदांत जिंकला, आणि तिथल्याच स्टेडियमवर पुढे बोल्ट ९.५८ पळाला. अलीकडे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून भरतीवाल्या पोरांना खो-खोचं प्रमाणपत्र दाखवताना थोडा ताठा येतो. यायलाच हवा, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेतच. पण त्या कोट्यातून आलेल्यालाही शंभर मीटर मात्र शंभर मीटरच पळावं लागतं.

घरच्या घरी खरी वेळ काढायची तर मोबाइल पुरतो. शेवटाच्या रेघेवर, रेघेच्या सरळ रेषेत फोन उभा करा आणि चित्रण चालू ठेवा. सुरुवातीला ‘गो’ऐवजी दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटा, आवाज तुटक येतो. नंतर व्हिडिओत फळीचा ठोका ऐकू येतो तिथून छाती रेघेवर येते तिथपर्यंतचा वेळ मोजा आणि त्यात ०.२९ मिळवा, कारण फोननंही तो आवाज उशिराच ऐकलेला आहे. तुकडे पाडायचे असतील तर तीस आणि साठ मीटरवर तुराट्या रोवा आणि दुसरा फोन मैदानाच्या बाजूला, लांब, मधोमध ठेवा. तुराटी शेतात फुकट मिळते.

देवळीकडच्या त्या खो-खोवाल्याला हा सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला, तर तो आधी ११.४० चा आकडा खोडताना नाराज होईल. मग तुकड्यांच्या रांगेकडे बघत बसेल. मग बोट ठेवून विचारेल, ‘म्हणजे सर, तीस मीटरपर्यंत तर मीच पुढे होतो ना?’