देव बसले, आपण केव्हा बसणार?

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली, की आपल्याकडे घरोघरी ‘देव बसले’ असे म्हणतात. कुलदेवतेचा टाक विड्याच्या पानावर ठेवला जातो, पत्रावळीवरील मातीत धान्य पेरले जाते, त्यावर कलश, कलशावर नारळ, वर फुलांची माळ आणि शेजारी अखंड तेवणारा नंदादीप. अनेक घराण्यांत पुढे नऊ दिवस देव जागचे हलवीत नाहीत. त्यांना स्नान नाही, की नित्याची उठबस नाही. विश्वाचा भार वाहणारी जगन्माता नऊ दिवस एका पानावर स्थिर असते.

आणि तिच्या भोवतीचे घर? पहाटेच्या सडासंमार्जनापासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत माळ, नैवेद्य, उपवासाचे पदार्थ, सवाष्ण, कुमारिका, पाहुणे आणि देवळातील रांग यांतच त्याचा दिवस सरतो. देव बसले, परंतु घरातील माणसे नऊ दिवसांत नऊ मिनिटेही स्वस्थ बसली नाहीत, असेच बहुधा घडते. या पर्वकाळात या विसंगतीचा थोडा विचार करणे अनाठायी होणार नाही.

‘गाभारा’ हा शब्द ‘गर्भागार’ या संस्कृत शब्दावरून आला. मातेच्या उदरात बालकास जी ऊब, जो अंधुक प्रकाश आणि जी निश्चिंतता लाभते, तिचेच स्मरण मंदिर बांधणाऱ्यांनी या नावात जतन केले आहे. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मंदिरात त्याचा प्रत्यय येतो. महाद्वार रस्त्यावरचा गलबला मागे टाकून आपण आत शिरतो. मंडपामागून मंडप ओलांडताना उजेड मंदावत जातो, दगडी खांबांच्या सावलीत गारवा जाणवू लागतो, बोलण्याचा आवाज आपोआप उतरतो आणि अखेरीस दृष्टीसमोर उरतात केवळ दिव्यांच्या प्रकाशातील देवीचे मुख व तिचे चरण. मन शांत करण्याची ही एक योजनाच होय. बाहेरचे एकेक कमी करीत जावे, म्हणजे आतले आपोआप स्पष्ट होते. घरातील देवघर ही त्याच गाभाऱ्याची लहानशी प्रतिकृती आहे.

अशी जागा कशी असावी, याचे मार्गदर्शन आपल्या ग्रंथांत विपुल आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आसनाचे वर्णन केले आहे. स्थान शुद्ध असावे, आसन स्थिर असावे, ते फार उंच नसावे, फार सखलही नसावे, आणि त्यावर दर्भ, मृगाजिन व वस्त्र यांची मऊ बैठक असावी. पतंजलींनीही आसनाच्या लक्षणात स्थैर्य आणि सुख या दोहोंचीच गणना केली आहे. देहाला क्लेश देणारे आसन त्यांना अभिप्रेत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी या श्लोकावर भाष्य केले, तेव्हा त्यांच्या वाणीला जणू बहर आला. ते म्हणतात, ती जागा अशी असावी, की बसल्यावर उठणे नको वाटावे. विलासी पुरुषालाही राज्य सोडून तेथेच राहावे असे वाटावे. वाटेने जाणाऱ्या पाखंड्यालाही तपाची इच्छा व्हावी. गोड फळांची झाडे, पावलोपावली निर्मळ पाणी, सौम्य ऊन, मंद व शीतल वारा आणि बहुतेक निःशब्दता असे ते स्थान. एवढे रम्य चित्र रेखाटूनही माउली साधकाला रानातच पाठवीत नाहीत. मठ असो वा शिवालय, चित्ताला जे मानवेल ते घ्यावे, अशी मोकळीक त्या देतात, आणि शेवटी एकच कसोटी सांगतात. मन कोठे राहते ते पाहावे आणि जेथे ते राहील तेथेच आसन मांडावे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडालाही जशीच्या तशी लागू पडते.

पूर्वीच्या वाड्यांत सोपा, माजघर, देवघर, परसू अशी प्रत्येकाला जागा होती. भिंतीतल्या कोनाड्यात दिवा असे आणि त्याच्या उजेडात कोणी जपमाळ घेऊन बसले, तर ‘का बसलात?’ असे कोणी विचारीत नसे. आता वाडे जाऊन सदनिका आल्या. देव्हारा कधी स्वयंपाकघरातील फळीवर, तर कधी दिवाणखान्यात दूरदर्शन संचाच्या शेजारी आला. त्यात कमीपणा नाही. देवाला जागेची अडचण नसते. अडचण आपली होते, कारण देव्हाऱ्यापुढे बसण्यास हातभर जागाही आपण ठेवलेली नसते. संगमरवरी देव्हारा येतो, रंगीत दिव्यांच्या माळा येतात, परंतु पाट टाकायचा तर आधी चपलांचे कपाट सरकवावे लागते!

यासाठी फार खर्च नको. दोन हात लांब आणि दोन हात रुंद एवढा कोपरा पुरे. मात्र तेथे दुसरे सामान टाकू नये. पूर्वेकडे वा उत्तरेकडे तोंड करून बसण्याचा प्रघात आहे. तो साधला तर उत्तम, न साधल्यास वारा व उजेड जेथे असेल ती बाजू धरावी. आपल्या भागातील धनगरांची घोंगडी दुहेरी घालून वर धुतलेले सुती वस्त्र पसरावे. फरशीचा गारठा लागत नाही आणि गीतेतील मऊ आसनही सिद्ध होते. गुडघे दुखत असतील त्यांनी बुटक्या खुर्चीवर बसावे. त्यात यत्किंचितही दोष नाही. देव्हाऱ्यात मूर्ती मोजक्या ठेवाव्यात व निर्माल्य रोज काढावे. धूप सुगंधापुरता असावा, डोळे चुरचुरतील इतका नसावा. नंदादीप पितळी ताटात, पडद्यापासून व मुलांच्या हातापासून दूर ठेवावा. भ्रमणध्वनी बाहेर ठेवून यावे. आणि वेळ ठरलेली असावी. पाव घटका बसावे, पण रोज त्याच सुमारास बसावे. जागेला सवय लागते असे आपण म्हणतो. वस्तुतः सवय मनाला लागते, आणि मग त्या कोपऱ्याकडे पावले वळताच ते निवू लागते.

परंतु या आसनावर प्रथम कोणी बसावे? येथे ललितापंचमीची कथा आठवते. कोल्हासुराच्या वधानंतर विजयाचा उत्सव मांडला गेला. ज्या त्र्यंबोलीने संकटात साह्य केले, तिलाच त्या उत्सवाचे बोलावणे करावयाचे राहून गेले. ती रुसून नगराच्या पूर्वेस टेकडीवर जाऊन बसली. तेव्हा साक्षात अंबाबाई तिची समजूत काढण्यास तेथे गेली. आजही पंचमीस देवीची पालखी टेंबलाईच्या भेटीस जाते व कोहळा फोडण्याचा विधी होतो. ज्यांच्या श्रमावर उत्सव उभा राहतो, त्यांचाच उत्सवात विसर पडतो, हे त्या कथेचे मर्म आपल्या घरासही लागू आहे. शक्तीच्या उपासनेचे नऊ दिवस आणि घरातील शक्ती मात्र चुलीपुढे दमलेली, उपवासाने थकलेली! तिला ‘जरा बस’ म्हणणारे कोणी नाही, आणि म्हटले तरी बसायला जागा नाही. घरातील वृद्धांचीही तीच कथा. खाट आहे, पण निवांतपणा नाही. म्हणून या नवरात्रात रोज एक वेळ अशी असावी, की गृहिणी आसनावर बसेल आणि तेवढा वेळ घरातील इतर मंडळी स्वयंपाकघर सांभाळतील. ही सेवा देवीच्या चरणी रुजू झाल्यावाचून राहणार नाही.

नवरात्रानंतर थोड्याच दिवसांत, ९, १० व ११ नोव्हेंबर रोजी, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी रोजी अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यभागापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावेत, अशी ही रचना. परंतु वाटेत उंच इमारत आली, वा हवेत धूळ आणि ढग असले, तर किरण अर्ध्यावरच थबकतात. सूर्य तोच, गाभारा तोच. वाट तेवढी मोकळी हवी. आपल्या घरातही प्रसन्नता बाहेरून विकत आणावयाची नाही. तिच्या वाटेतील पसारा तेवढा बाजूस सारावयाचा आहे.

घटाभोवती पेरलेले धान्य मंद उजेडात, न हलविता, न उकरता नऊ दिवसांत वीतभर वाढते. त्याला थोडे पाणी आणि पुष्कळ स्वस्थता एवढेच लागते. मनाचेही तसेच आहे. नवरात्र संपल्यावर घट उठतील, देव पुन्हा देव्हाऱ्यात जातील. तो कोपरा मात्र उठवू नये. प्रत्येक घरात विसाव्याचे असे एक आसन कायम राहो आणि त्यावर बसणाऱ्या प्रत्येकास त्या आदिमायेच्या मांडीची ऊब लाभो, हीच करवीरनिवासिनीच्या चरणी प्रार्थना.