तिखट तेल : चव, शास्त्र आणि सावधानता

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात नांदत होते. सीमारेषा बदलली, तरी इथल्या मराठी घरांतील चूल मात्र वैदर्भीयच राहिली. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा गोळाभात पानात पडला की त्यावर मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरचीच्या फोडणीचे गरम तेल हवेच. हेच तेल थोडे अधिक करून बरणीत भरले की आठवडाभर तोंडी लावण्याची सोय होते.

मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिन या द्रव्यात असतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; तेलात सहज विरघळते. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. म्हणून रश्श्यावर तरंगणारी तर्री सर्वांत लाल आणि सर्वांत जहाल असते. लहान मुलांना वाढताना तर्री बाजूस सारून खालचा रस्सा घ्यावा, हा आजीबाईंचा शिरस्ता शास्त्रशुद्धच होय. कॅप्सेसिन मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकावर कार्य करते, तोच उष्णतेनेही जागृत होतो. म्हणून तिखटाने प्रत्यक्ष न भाजताही ‘आग’ होते. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कृती सोपी आहे. देठ काढलेल्या मिरच्या कडक उन्हात वाळवून जाडसर कुटाव्यात. एक वाटी भुग्यास चार वाट्या फल्लीतेल पुरते. तेल चांगले तापवून विस्तव बंद करावा. किंचित निवल्यावर चिमूटभर भुगा टाकून पाहावा. तो काळा न पडता नुसता फसफसला, तर उरलेला भुगा घालावा. पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरावे आणि कोरडाच चमचा वापरावा. जवसाचे तेल चवीला खमंग असले, तरी लवकर खवट होते. साठवणीसाठी ते टाळावे.

खरा धोका मिरचीत नाही, तर हौसेने त्यात घातल्या जाणाऱ्या ओल्या लसणात आहे. मातीतून येणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू लसणाला चिकटलेले असू शकतात. लसणात ओलावा असतो, आम्लता पुरेशी नसते आणि वरच्या तेलामुळे हवा अडते. बीजाणूंना वाढण्यास आणखी काय हवे? साध्या उकळीने ते मरत नाहीत. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे शीतपेटीबाहेर ठेवलेल्या, तेलातील चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला आणि प्रारंभी अनेकांचे निदान भलतेच झाले. अशा तेलाचा रंग, वास वा चव बिघडलेली असेलच असे नाही. म्हणून ओला लसूण किंवा हिरवी मिरची घातलेले तेल त्याच दिवशी संपवावे. ठेवायचेच झाल्यास शीतपेटीत, तेही तीन-चार दिवसांपुरते.

व्यवसायबंधूंनी एवढे ध्यानी ठेवावे : पापण्या खाली येणे, दोन-दोन दिसणे, गिळताना त्रास, कोरडे तोंड आणि वरून खाली उतरत जाणारा लुळेपणा दिसला, रुग्ण शुद्धीवर असून ताप नसला, तर त्याने गेल्या काही दिवसांत काय खाल्ले याची चौकशी करावीच. अशा रुग्णाचा श्वास केव्हा दमेल याचा नेम नसतो. प्रतिविष जितके लवकर मिळेल तितके बरे. कारण ते पुढील हानी रोखते, झालेली हानी भरून काढत नाही.

मातांसाठीही एक सूचना. मिरची कुटलेल्या हाताने बाळाला घेऊ नये. हातांना प्रथम खाद्यतेल चोळून पुसावे आणि मग साबणाने धुवावे. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही. बाळाच्या डोळ्यात तिखट गेलेच, तर मात्र तेल न लावता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

गोळाभातावरचे तेल मोहरी-हिंगाचेच राहू द्यावे. लसूण हवाच असेल, तर तो ताजा ठेचून पानातच घ्यावा. चवीत उणे काही पडत नाही आणि बरणीही निर्धास्त राहते.