दिवाळीची सजावट, उधारीविना

गणपती उरकले की चेरीतालच्या मराठी घरांतही दिवाळीच्या रंगरंगोटीचे बोलणे निघते. रंग, पडदे, सोफ्याची खोळ. खर्च वाढतो आणि हात क्रेडिट कार्डाकडे जातो. आधी हिशेब मांडा. कार्डावर ६,००० रुपये थकले आणि व्याज दरमहा ३ टक्के असेल, तर पहिल्याच महिन्याचे व्याज १८० रुपये होते. ‘शून्य टक्के’ हप्त्यालाही भुलू नका. त्यातले व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच दाखवून दिले आहे.

मग यंदा काय करावे? घरातलेच वापरा. एका सहावारी साडीत सात फुटी दाराचे दोन पडदे निघतात. सगळे घर रंगवण्याऐवजी बैठकीची एकच भिंत रंगवा. ती आधी मोजा, तेवढाच रंग आणा.

आणि याच महिन्यात बँकेत एक वर्षाची आवर्ती ठेव उघडा. दरमहा ५०० रुपये भरलेत, तर पुढच्या दिवाळीआधी ६,००० रुपये आणि वर व्याज तुमच्या हाती येईल. उरलेल्या भिंती तेव्हा रोखीने रंगवा.