‘त्यामुळे’ लिहिलं म्हणून कारण सिद्ध होत नाही

कल्याणवर प्रकल्प लिहायला घेतला तर माहितीला तोटा नाही. प्राचीन बंदर आहे, दुर्गाडी किल्ला आहे, रेल्वेचं जंक्शन आहे. घोडं अडतं ते या माहितीचे तुकडे एकमेकांना जोडताना. हे वाक्य पाहा: ‘कल्याण हे प्राचीन बंदर होते. त्यामुळे इंग्रजांनी येथे रेल्वे आणली.’ व्याकरण चोख आहे, दोन्ही तपशील खरे आहेत, तरी विधान टिकत नाही.

गैरसमज : जोडशब्द पेरले की लेखन सुसंगत होतं.

‘तथापि’, ‘परिणामी’, ‘शिवाय’ हे शब्द संबंध दाखवतात. नसलेला संबंध निर्माण करत नाहीत. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली गाडी १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत पोचली. मार्ग आखणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न होता सह्याद्री चढायचा कुठून. कल्याणहून एक फाटा बोरघाटाकडे गेला, दुसरा थळ घाटाकडे. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळ घाट १८६५ मध्ये. दोन हजार वर्षांपूर्वी इथे कोणाची गलबतं लागत होती, याच्याशी त्या आखणीला काही कर्तव्य नव्हतं.

मग बंदर आणि रेल्वे यांचा संबंधच नाही? आहे, पण वेगळा. खाडी जिथे भूभागात आत शिरते आणि घाटावर जाणाऱ्या वाटा जिथून फुटतात, अशा जागी हे गाव आहे. सातवाहनकाळात नाणेघाटातून जुन्नरकडे जाणारा माल आणि एकोणिसाव्या शतकातले रुळांचे फाटे, दोहोंनाही हीच जागा सोयीची पडली. म्हणजे बंदर हे रेल्वेचं कारण नव्हे. दोघांमागे एकच कारण आहे. हे उमगलं की प्रकल्पाला कणा मिळतो आणि जोडशब्द आपोआप योग्य जागी येतात. ‘त्यामुळे’ लिहिण्याआधी स्वतःला विचारावं: पहिली गोष्ट घडली नसती तर दुसरी घडली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर तो शब्द खोडावा.

गैरसमज : सनावळीनुसार लिहिलं की मांडणी झाली.

सनावळी हा क्रम आहे, युक्तिवाद नव्हे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख येतो, कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत, शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. या तिन्ही गोष्टी ‘तेव्हापासून’ या शब्दाने बांधल्या की मधली हजाराहून अधिक वर्षं गुपचूप गिळली जातात आणि बंदराची भरभराट अखंड असल्याचा भास होतो. त्यापेक्षा आधी प्रश्न ठरवावा. ‘कल्याणचं महत्त्व कशावर अवलंबून होतं?’ हा प्रश्न घेतला, तर बंदर, घाट आणि रेल्वे असे विभाग पडतील आणि सन त्यांच्या पोटात बसतील.

गैरसमज : उलट पुरावा दिला की आपला मुद्दा पडतो.

याच ‘पेरिप्लस’मध्ये नोंद आहे की सत्ता बदलल्यावर कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आले आणि इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्याखाली भडोचला नेली जात. ‘भरभराटीचं बंदर’ लिहिणारे हा भाग हमखास वगळतात. खरं तर प्रकल्पाचा सगळ्यात जिवंत परिच्छेद यातूनच निघेल: जागा मोक्याची असूनही राजसत्तेने बंदर रोखलं, म्हणजे नुसता भूगोल पुरत नाही. आपला मूळ मुद्दा यामुळे पडत नाही, नेमका होतो. आपल्याकडची शास्त्रचर्चाही अशीच चाले: आधी संशय, मग पूर्वपक्ष म्हणजे विरुद्ध बाजूचं म्हणणं, मग सिद्धांत. पूर्वपक्ष दुबळा मांडणं हे तिथे पंडिताला शोभत नसे.

शाळेतल्या निबंधाने लावलेली एक सवयही इथे नडते. पुनरुक्ती टाळायची म्हणून एकाच गोष्टीला आधी ‘बंदर’, मग ‘बाजारपेठ’, पुढे ‘नगर’ म्हटलं जातं. अभ्यासलेखनात शब्द बदलला की वाचक वस्तू बदलली असं समजतो. बंदराबद्दल बोलत असाल तर शेवटपर्यंत बंदरच म्हणा, कंटाळवाणं वाटलं तरी.

परिच्छेद किती ओळींचा असावा याचाही नियम नाही. एका परिच्छेदात एक दावा आणि त्याचा आधार, एवढं पुरे.

प्रकल्प बाईंडिंगला देण्याआधी एक काम मात्र करा. प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एकेका वाक्यात कागदावर उतरवा आणि फक्त ती वाक्यं सलग वाचा. जिथे दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नाही, तिथला दुवा अजून लिहायचा राहिला आहे.