एबीएसचा दिवा लागला म्हणून यंत्रणा काढू नका!
अमरावती-अकोल्यातील गाडीमालक आणि कारागीर बांधवांसाठी

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाडातील गॅरेजमध्ये ब्रेकचे काम म्हणजे लायनिंग बदलणे, ड्रम घासणे आणि पाइपातली हवा काढणे, एवढेच असे. आता तसे राहिलेले नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना आणि एप्रिल २०१९ पासून विक्रीस येणाऱ्या सर्वच नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, सक्तीची केली. त्या वेळच्या गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे. पुण्या-मुंबईकडच्या पासिंगच्या अशा गाड्या सेकंडहँड बाजारातून एमएच-२७ आणि एमएच-३० च्या मुलखात येतात आणि एक-दोन पावसाळे गेले की मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो.

अशा वेळी मालकाला दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे पूर्ण युनिट नवीन टाका. त्याचा खर्च लहान गाडीलाही हजारो रुपयांच्या घरात जातो. दुसरा म्हणजे यंत्रणा काढून पाइप सरळ जोडून टाका. ‘पूर्वी काय गाड्या थांबत नव्हत्या?’ हा दुसरा सल्ला स्वस्त वाटतो, पटतोही. पण तो जिवावर बेतणारा आहे, आणि का ते प्रत्येक गाडीमालकाने समजून घेतले पाहिजे.

यंत्रणा काय करते?

बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीज गाडीत प्रथम आली. तत्त्व आजही तेच आहे. चारही चाकांजवळ एकेक सेन्सर असतो. तो चाकाचा वेग मोजून संगणकाला कळवतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादे चाक फिरायचे थांबून घसरू लागले, की संगणक त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतो व पुन्हा देतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते. त्यामुळे चाक फिरत राहते आणि स्टिअरिंग वळवून समोरचा अडथळा चुकवता येतो. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते. हा बिघाड नव्हे. घाबरून पाय उचलू नये, दाबूनच ठेवावा. मात्र गिट्टी, मुरूम किंवा शेतरस्त्याच्या भुसभुशीत मातीवर एबीएसची गाडी थांबायला थोडे जास्त अंतर घेऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

‘पूर्वीसारखी’ गाडी होत नाही

आता मुख्य मुद्दा. ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून मागच्या चाकांना दाब कमी द्यावा लागतो. जुन्या गाड्यांत त्यासाठी एक साधा व्हॉल्व्ह बसवलेला असे. एबीएसच्या बहुतेक गाड्यांत तो व्हॉल्व्ह नसतोच, कारण दाबाची ती वाटणी एबीएसचे युनिटच करते. तिला ईबीडी म्हणतात. युनिट काढून पाइप सरळ जोडले, की मागच्या चाकांना पूर्ण दाब जातो आणि जोराच्या ब्रेकला ती आधी जाम होतात. पुढची चाके जाम झाली तर गाडी निदान सरळ घसरते. मागची जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणजे एबीएस काढलेली गाडी पूर्वीसारखी होत नाही, पूर्वीच्या गाडीपेक्षा वाईट होते.

रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवून पाहिले तर हा दोष मुळीच कळत नाही. तो कळतो राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अचानक ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा. याच महामार्गावर लोणी ते माना दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, तसा गाड्यांचा वेगही वाढला. त्यात पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. एबीएसची खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

दोष बहुधा चाकाजवळ असतो

केवळ पिवळा दिवा लागला असेल तर सहसा एबीएस बंद पडलेले असते, साधे ब्रेक चालू असतात. गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घेऊन उभी करावी. ब्रेक ऑईल गळत असेल किंवा ईबीडीही बंद झाले असेल.

तपासणीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. प्रथम बॅटरी, फ्यूज आणि ब्रेक ऑईलची पातळी पाहावी. मग स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा कोड येतो ते पाहावे. त्या चाकाच्या सेन्सरवर काळी माती आणि लोखंडाचा कीस बसला आहे का, वायर घासली किंवा उंदराने कुरतडली आहे का, दातेरी रिंग गंजून तडकली आहे का, बेअरिंगला प्ले आहे का, हे डोळ्यांनीच दिसते. गाडी थांबता थांबता विनाकारण पेडल थरथरत असेल तर संशय याच रिंगवर किंवा सेन्सरवर घ्यावा. अलीकडे बेअरिंग बदलले असेल तर आणखी एक पाहावे: नव्या बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरकडेच यायला हवी. उलटे बसवले की दिवा लागलाच!

सेन्सर बदलणे युनिटच्या मानाने अगदी थोड्या पैशांत होते. हे सर्व पाहून झाल्यावरच युनिटवर बोट ठेवावे. युनिटचा केवळ इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला असेल तर काही मॉडेलमध्ये तो दुरुस्तही होतो. युनिट उघडल्यास किंवा बदलल्यास हवा काढताना अनेक गाड्यांत स्कॅनरने आतला पंप चालवावा लागतो, नाहीतर पेडल मऊच राहते.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. कोरडे डॉट ३ ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेडल एकदम खाली जाण्याचे हे एक कारण, आणि महागडे युनिट आतून गंजण्याचेही. साधारण दोन वर्षांनी, कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचेच ऑईल बदलावे.

कायदा आणि व्यवहार

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) प्रमाणे गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते ती वेगळीच.

याहून वाईट प्रकार म्हणजे दिव्याचीच वायर तोडून किंवा ती दुसऱ्या दिव्याला जोडून गाडी विकणे. घेणाऱ्याने चावी फिरवून पाहावे: एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा दुसऱ्या दिव्याबरोबरच लागतो-विझतो, तर स्कॅनर लावल्याशिवाय सौदा करू नये.

कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच, की यात नुकसान नाही, धंदा आहे. एक चांगला स्कॅनर, एक मीटर आणि वायरिंगचे आकृतिचित्र वाचण्याचा सराव असला, तर कंपनीच्या वर्कशॉपकडे जाणारे काम आपल्या दारात राहते. तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी. दोष शोधणे हेच आता मोठे काम आहे. आणि कोणी ‘काढूनच टाका’ म्हणून आग्रह धरला, तर मागची चाके आधी का जाम होतात ते त्याला समजावून सांगावे आणि ते काम हाती घेऊ नये. एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येईल. पण आपल्या हातून गेलेल्या गाडीत कोणाचे तरी कुटुंब बसलेले असते.