मिठाची बॅटरी

बालमित्रांनो, वढू बुद्रुकला सहलीला गेलात का कधी? पुण्याहून नगर रस्त्याने निघायचं, कोरेगाव भीमाला वळायचं आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकवायचा. परत मोठ्या रस्त्याला लागून सणसवाडी, शिक्रापूर मागे टाकलं की येतं रांजणगाव. गणपतीचं, आणि आता कारखान्यांचंही! विजेवर चालणाऱ्या टाटा नेक्सॉनची हजारावी गाडी २०२० साली इथूनच बाहेर पडली.

गाडी आपल्या शिरूर तालुक्यात जुळते, पण तिच्या बॅटरीतलं लिथियम कुठून येतं? ते मुख्यतः ऑस्ट्रेलिया, चिली अशा दूरदेशीच्या खाणींतून निघतं. पुढची बरीचशी प्रक्रिया चीनमध्ये होते. उद्या तिकडून माल यायचा थांबला तर? गाड्यांचा कारखाना आपला असूनही हात बांधलेलेच!

मग दुसरं काही चालेल का? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मीठ! मिठात सोडियम असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सोडियम असतं सुमारे १० ग्रॅम. आणि लिथियम? एका मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी!

ऐकायला सोपं वाटतं, पण गंमत पुढेच आहे. बॅटरी म्हणजे समोरासमोरची दोन घरं समजा. चार्ज करताना विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका घरातून दुसऱ्या घरात जातात. गाडी चालताना ते परत येतात. लिथियमचा आयन अगदी बारीक. तो ग्रॅफाइटच्या थरांत, वहीच्या पानांत मोरपीस सरकवावं तसा शिरतो. सोडियमचा आयन त्याच्याहून सुमारे तिप्पट जड आणि अंगानेही मोठा. त्याला तिथे नीट जागाच मिळत नाही!

म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळा कोळसा वापरला. त्याला 'हार्ड कार्बन' म्हणतात. चुरगळलेल्या कागदांच्या ढिगात कशा सापटी राहतात, तशा त्यात असतात. नारळाच्या करवंट्यांसारख्या टाकाऊ वस्तूंपासूनही तो बनवता येतो, बरं का!

पुण्यात पाषाणला 'आयसर' ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. २००६ साली ती सुरू झाली. तिथले डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांचे सहकारी या कामात होते. पण प्रयोगशाळेत बटणाएवढी बॅटरी करणं वेगळं आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांत, मे महिन्याच्या उन्हात टिकणारी बॅटरी करणं वेगळं! तिथे लागतो उद्योगाचा हात. पुण्याचीच केपीआयटी ही कंपनी 'आयसर'बरोबर आली. जवळजवळ दहा वर्षांच्या संशोधनानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, कंपनीने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं.

कंपनीचं म्हणणं असं, की ३००० ते ६००० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ८० टक्के ताकद शिल्लक राहते. करा बरं हिशोब! रोज एकदा चार्ज केली, तर ३००० वेळांना आठ वर्षं लागतात. २०२४ मध्ये उत्पादनासाठी हे तंत्र दुसऱ्या एका कंपनीला देण्याचा करारही झाला.

मग लिथियमची सुट्टी? छे! तेवढीच वीज साठवायला सोडियमची बॅटरी सहसा जास्त जड होते. लांब पल्ल्याच्या मोटारीला ते ओझं परवडत नाही. पण गावातली स्कूटर, तीनचाकी किंवा छपरावरच्या सौर विजेचा साठा, इथे तिचा उपयोग होऊ शकतो. लोडशेडिंगचे चटके सोसलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि पालकहो, या कामाला रसायनशास्त्र लागलं, तसंच यंत्रांवर बसणारं कुशल मनुष्यबळही लागणार. मुलगा किंवा मुलगी आयटीआयला जाते म्हणाली, तर नाक मुरडू नका!

मित्रांनो, आता एक काम. पुढच्या वेळी ई-रिक्षात बसलात, की काकांना विचारा, "काका, बॅटरी शिशाची की लिथियमची? एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? किती वर्षांनी बदलावी लागते?" उत्तरं वहीत लिहून विज्ञानाच्या बाईंना दाखवा. 'आयसर'मधल्या संशोधकांनाही असेच प्रश्न पडले होते!